जाणकार कोण?



हल्ली शाळेत, पारावर, एसटीच्या थांब्यावरसुद्धा एक प्रश्न कानावर येतो. मोबाइलमधलं यंत्र विचारलेलं सगळं सांगतं, मग त्याला ज्ञान आहे असं म्हणायचं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. का नाही, ते सांगतो.

मृगाच्या आगेमागे आपल्या शहापूर-मुरबाडच्या बाजारात शेवळं येतात. ठाकूर-कातकरी बाया रानातून ती खुडून आणतात, जुड्या बांधतात आणि रस्त्याच्या कडेला फडकं अंथरून बसतात. शेजारी काकडाच्या हिरव्या, आंबट फळांचा छोटा ढीग असतो. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. नीट साफ न करता, आंबट न घालता भाजी केली तर जीभ चरचरते, घसा खवखवतो. म्हणून काकडं वाटून त्यांचा रस घालायचा. गिऱ्हाईक नवखं दिसलं की बाई न विचारताच बजावते, “काकडं घाला, नायतर खाजंल,” आणि वर चार काकडं जास्तीची टाकते.

आता हेच यंत्राला विचारा. तेही सांगेल, काकड घाला. वाक्य तेच, आणि तितकंच बरोबर. मग बाईला ठाऊक आहे आणि यंत्राला नाही, असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

न्यायदर्शनाने याची कसोटी फार पूर्वी घालून दिली आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही नैयायिकांची चार प्रमाणं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळतं ते शब्दप्रमाण. पण त्यासाठी सांगणारा आप्त असावा लागतो. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्ताने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला कळावी, या इच्छेने तो बोलत असावा. त्याच्यापुढचं तर मला फार मोलाचं वाटतं. ही कसोटी ऋषीला, आर्याला आणि त्या काळी ज्यांना म्लेच्छ म्हणत त्यांनाही सारखीच लागू, असं भाष्यकार स्पष्ट म्हणतो. कुळाचा आणि पोथीचा इथे संबंधच नाही. फडक्यावर बसलेली ती बाई शेवळांच्या बाबतीत पुरेपूर आप्त आहे. तिने स्वतःच्या चुलीवर ती भाजी केलेली आहे, आणि माझा घसा खाजू नये असं तिला मनापासून वाटतं.

यंत्राचं काय? कुणा बाईने सांगितलं, कुणीतरी ते लिहून छापलं. अशा अगणित मजकुरातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येईल याचा हिशेब यंत्राने बसवला. हा हिशेब थक्क करणारा आहे, यात शंका नाही. पण चुकलं तर त्याचं काही बिघडत नाही, म्हणून चुकीची गोष्टही ते तितक्याच ठामपणे सांगून मोकळं होतं.

याहून अवघड आक्षेप मला वैद्यकातून येताना दिसतो. छातीचा एक्स-रे वाचून क्षयाची शंका सांगणाऱ्या संगणक प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली मान्यता दिली. इथे यंत्र ऐकीव सांगत नाही, समोरचं चित्र पाहून सांगतं. डोळखांबच्या पुढे ज्या पाड्यांवर एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ पोचत नाही, तिथे अशी प्रणाली जरूर यावी. तिच्यात कौशल्य आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण शंका आली तरी थुंकी तपासावीच लागते, आणि औषध सुरू करण्याच्या निर्णयाला जबाबदार डॉक्टरच असतो. रोग्यापुढे जो उभा राहत नाही, त्याच्या अचूकपणाला मी ज्ञान म्हणणार नाही.

आणि या यंत्राला आपल्याबद्दल काय माहीत आहे, तेही पाहा. शहापूर तालुक्यातले तानसा आणि भातसा तलाव किती भरले हे ते चटकन सांगेल, कारण ते पाणी मुंबई पिते आणि तलावांचे आकडे रोज जाहीर होतात. त्याच तालुक्यात वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला कोणत्या ओहोळातला डवरा अजून झिरपतो हे ठाऊक असतं. ते कुठल्याच तक्त्यात नाही. जे लिहिलं गेलं नाही, ते यंत्राच्या लेखी नाहीच. मला खरी काळजी याची वाटते. उद्या यंत्रालाच जाणकार मानलं, तर जिला खरोखर कळतं तिला कुणी विचारणारच नाही.

लिहिलेल्या कागदाचं बळ आपण पाहिलेलं आहे. हळदीने जखम भरते, या गोष्टीवर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान देऊन 1997 साली रद्द करून घेतलं. घराघरांतल्या आज्यांचा अनुभव तिथे पुरेसा नव्हता. छापील पुरावे द्यावे लागले.

म्हणून या संमेलनात जमलेल्या शिक्षक-लेखकांकडे माझं एक मागणं आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. आपापल्या ग्रामपंचायतीत जा, ती वही मागा आणि वाचा. शेवळं, लोत, कोरळ, बाफळी या रानभाज्या त्यात आहेत का ते पाहा. नसतील तर मुलांना घेऊन वाडीवर जा. सांगणारी बाई कातकरी बोलीत बोलली तर तिच्याच बोलीत उतरवून घ्या. तिची संमती असेल तर तिचं नाव लिहा. जे सांगायचं नसेल ते सोडून द्या. आणि लिहून झालं की तिथेच बसून तिला ते वाचून दाखवा. ती “असं नाय” म्हणाली, तर खोडा आणि पुन्हा लिहा.