नजरेचा माग

आरशासमोर उभें राहून प्रथम आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहावें, मग उजव्याकडे, मग पुन्हां डाव्याकडे. कितीहि वेळां असें केलें तरी आपले डोळे हललेले आपल्याला दिसत नाहींत. पाहावें तेव्हां ते स्थिरच असतात. शेजारीं दुसरें कोणी उभें असेल, तर त्याला मात्र ते इकडून तिकडे जातांना स्पष्ट दिसतात. रेमंड डॉज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९०० सालीं या घरगुती अनुभवाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी घेत असतांना त्याला जवळजवळ कांहींच दिसत नाहीं. पाहण्याचें काम होतें तें तो टेकल्यावर. ज्या श्रोत्यांच्या घरीं आरसा हाताशीं असेल त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. त्याला खर्च नाहीं.

वाचनालाहि हाच नियम लागू आहे. ‘ओळीवरून नजर फिरविणें’ असें आपण म्हणतों, आणि त्यावरून नजर ओळीवर तेलाच्या धारेप्रमाणें सलग सरकत असावी असा समज होतो. प्रत्यक्षांत ती अंगणांतल्या चिमणीसारखी टुणटुण उड्या मारीत जाते. इंग्रजी मजकूर वाचणाऱ्याची नजर एका जागीं सुमारें पाव सेकंद टेकते, मग सातआठ अक्षरांची झेप घेते, पुन्हां टेकते. झेपेला सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भागहि पुरतो. याचें कारण डोळ्याच्या घडणींतच आहे. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या जागेंतलें काय तें डोळ्याला अगदीं रेखीव दिसतें. बाकीचें सारें धूसर. म्हणून ती लहानशी रेखीव जागा डोळ्याला सारखी इकडून तिकडे न्यावी लागते.

ही गोष्ट प्रथम ध्यानांत आली ती १८७९ च्या सुमारास, पॅरिस येथील नेत्रवैद्य एमील जावाल यांच्या प्रयोगशाळेंत. ज्या पुरुषानें जगाला वाचणाऱ्या डोळ्याची चाल दाखविली, त्याचीच दृष्टि पुढें काचबिंदूनें गेली. तरीहि १९०५ सालीं त्यांचें वाचन व लेखन यांच्या शारीर क्रियेवरील पुस्तक बाहेर पडलें. जावाल यांच्यामागून आलेल्या एडमंड ह्यूई या अमेरिकन संशोधकाची रीत ऐकतांना अंगावर कांटा येतो. डोळा औषधानें बधिर करावयाचा, त्यावर मध्यभागीं भोंक ठेवलेली प्लॅस्टरची पातळ वाटी बसवावयाची, वाटीला ॲल्युमिनियमची हलकी कांडी जोडावयाची, आणि कांडीचें टोंक काजळी धरलेल्या कागदावर टेकवावयाचें. डोळा हलला कीं काजळींत रेघ उमटे. सुदैवानें १९०१ सालीं डॉज व त्यांचे सहकारी क्लाइन यांनीं डोळ्याला हात न लावतां, त्यावरून परावृत्त होणाऱ्या प्रकाशकिरणाचें छायाचित्र घेण्याची युक्ति काढली. आजचीं यंत्रें त्याच युक्तीचीं नातवंडें होत. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश, एक कॅमेरा आणि संगणक एवढ्यावर नजरेची जागा एका सेकंदांत हजार वेळांपर्यंत टिपतां येते.

परंतु यंत्र कितीहि सूक्ष्म असलें तरी तें फक्त डोळा कोठें टेकला एवढेंच सांगतें. तेथेंच कां टेकला, हा खरा प्रश्न. आणि त्याचें उत्तर डोळ्यांत सांपडत नाहीं, मनांत सांपडतें.

१९७५ सालीं मॅकॉन्की व रेनर या दोघां अमेरिकन संशोधकांनीं एक चतुर प्रयोग केला. वाचकापुढील पडद्यावर, त्याची नजर जेथें टेकली असेल तेवढ्याच भोंवतालचीं अक्षरें खरीं दाखवावयाचीं आणि बाकी सगळीकडे फुल्या. नजर पुढें गेली कीं ही खिडकीहि तिच्याबरोबर पुढें सरकते. खिडकी लहान असली तर वाचन अडखळतें. ती किती मोठी केली म्हणजे वाचक पूर्ववत् वाचूं लागतो, हें पाहून एका टेकींत किती मजकूर उपयोगीं पडतो तें ठरविलें. इंग्रजी वाचकाला नजरेच्या डावीकडचीं तीनचार अक्षरें आणि उजवीकडचीं चौदापंधरा अक्षरें पुरतात, असें या व यापुढील प्रयोगांतून निघालें. उजवी बाजू इतकी लांब कां? उजवा डोळा अधिक समर्थ म्हणून? तसें नाहीं. १९८१ सालीं इस्राएलमधील वाचकांवर हाच प्रयोग झाला. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. हे लोक हिब्रू वाचीत तेव्हां लांब बाजू डावीकडे जाई, आणि इंग्रजी हातीं घेतलें कीं ती उजवीकडे येई. माणूस तोच, डोळे तेच. लिपि बदलली कीं अवधान कूस बदलतें. आपल्याकडेहि देवनागरीसंबंधीं असें काम सुरू झालें असून, हिंदी वाक्यें वाचणाऱ्यांच्या नेत्रगतींचा एक संग्रह २०१५ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती प्रत्येक शिक्षकानें व मुलांचा अभ्यास घेणाऱ्या प्रत्येक पालकानें ऐकण्याजोगी आहे. वाचतांना नजरेच्या सगळ्याच उड्या पुढें जात नाहींत. चांगल्या, सुशिक्षित वाचकाच्याहि दर शंभर उड्यांपैकीं दहापंधरा उड्या मागें येतात. मंद वाचकांत त्यांचें प्रमाण अधिक असतें. हें आढळल्यावर अमेरिकेंत १९३० नंतर पुष्कळांनीं असा तर्क लढविला, कीं मागें वळणें हाच मंद वाचनाचा रोग. तेव्हां डोळ्याला शिस्त लावावी. ओळीचे तुकडे एकामागून एक उघडणारीं आणि झांकणारीं यंत्रें शाळांतून आलीं. मुलानें मागें पाहूं म्हटलें तरी मागें पाहावयास कांहीं उरतच नसे! मिनेसोटा येथील माइल्स टिंकर यांनीं तेव्हांच बजावलें होतें, कीं डोळ्याची चाल हें लक्षण आहे, कारण नव्हे. ताप आलेल्याचा तापमापक थंड पाण्यांत बुडवून ताप उतरत नाहीं, तशांतली ही गोष्ट. पण यंत्राचा मोह मोठा. शीघ्र वाचन शिकविण्याचे वर्ग पुढेंहि अनेक वर्षें हाच उपदेश करीत राहिले.

२०१४ सालीं कॅलिफोर्नियांत शॉटर, ट्रॅन व रेनर यांनीं याची रीतसर परीक्षा घेतली. नजर शब्दावरून पुढें गेली कीं तो शब्द फुल्यांनीं झांकला जाई, म्हणजे मागें वळण्याचा उपयोगच उरूं नये. परिणाम असा झाला, कीं वाचकांना वाक्याचा अर्थ कमी कळूं लागला, आणि तो केवळ अवघड वाक्यांचाच नव्हे. मागें गेलेली नजर आळसानें गेलेली नसते. मनाला कांहींतरी जुळलें नाहीं म्हणून तें तिला परत पाठवितें. ‘मागें काय बघतोस, पुढें वाच’ म्हणून आजपर्यंत किती मुलांच्या पाठींत धपाटा बसला असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. ओळीखालीं बोट धरून वाचणाऱ्या आणि पुन्हांपुन्हां त्याच शब्दावर येणाऱ्या मुलाला शब्द पक्के करून द्यावेत, अर्थ सांगावा. नजर आपोआप सुधारते.

मनाच्या हुकुमाखालीं नजर कशी चालते, याचा फार सुंदर दाखला मॉस्को येथील आल्फ्रेड यार्बुस यांनीं दिला. त्यांचें पुस्तक रशियन भाषेंत १९६५ सालीं व इंग्रजींत १९६७ सालीं निघालें. इल्या रेपिन या चित्रकाराचें एक प्रसिद्ध चित्र आहे: फार दिवस दूर असलेला एक मनुष्य अवचित घरांत पाऊल टाकतो आणि घरची माणसें त्याच्याकडे पाहात राहतात. यार्बुस यांनीं एकाच माणसाला हें चित्र सात वेळां दाखविलें. एकदां नुसतें पाहावयास सांगितलें. मग प्रत्येक वेळीं नवा प्रश्न घातला. माणसांचीं वयें काय असावींत, असें विचारतांच नजर चेहऱ्यांवर खिळली. घरची सांपत्तिक स्थिति विचारली तेव्हां ती खोलींतल्या वस्तूंवर फिरली. आलेला मनुष्य किती दिवस दूर असावा, या प्रश्नाला ती त्याच्या आणि घरच्यांच्या चेहऱ्यांमध्यें येरझारा घालूं लागली. चित्र एकच, आणि रेघांचीं जाळीं मात्र सात तऱ्हांचीं! तीस वर्षें आधीं शिकागो येथील गाय बझवेल यांनींहि दोनशें माणसांच्या नजरा चित्रांवर तपासून असेंच कांहीं नोंदलें होतें; पण यार्बुस यांच्या आकृति एकदां पाहिलेला मनुष्य त्या विसरत नाहीं.

प्रश्न बदलला कीं चित्र पाहण्याची तऱ्हा बदलते, तर उद्देश बदलला कीं मजकूर वाचण्याची तऱ्हाहि बदलली पाहिजे. भाषांतरकाराइतका वेगळा उद्देश कोणाचा असणार? कोपनहेगन येथें याकोबसेन व येन्सेन यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं व्यवसायी भाषांतरकार आणि कांहीं विद्यार्थी यांना चार तऱ्हांनीं मजकूर वाचावयास दिला: केवळ समजण्यासाठीं, पुढें भाषांतर करावयाचें आहे या जाणिवेनें, वाचतां वाचतां तोंडी भाषांतर करीत, आणि शेवटीं लेखी भाषांतर करीत. या क्रमानें नजरेच्या टेकी वाढत गेल्या. लक्षांत घेण्याजोगी आहे ती दुसरी पायरी. तेथें भाषांतर अजून सुरूहि झालेलें नाहीं, फक्त करावयाचें आहे एवढेंच ठाऊक आहे. तेवढ्यानेंच वाचन बदलतें. आणखी एक गोष्ट अशी, कीं लेखी भाषांतरांत विद्यार्थ्यांची नजर मूळ मजकुरावर अधिक रेंगाळे, तर मुरलेल्या भाषांतरकाराची स्वतःच्या लिहिण्यावर. ज्यांनीं इंग्रजीवरून मराठींत चार पानें उतरविलीं असतील त्यांना याचें नवल वाटूं नये. इंग्रजी वाक्यांत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येतें, आपलें तें शेवटीं बसतें. नवशिका त्या दोन टोकांच्या मध्यें धांवून दमतो.

मुंबईस पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत पुष्पक भट्टाचार्य व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं याच नेत्रगतींचा आधार घेऊन, एखादें वाक्य भाषांतराला किती कठीण जाईल हें संगणकाकडून आगाऊ वर्तविण्याचा प्रयत्न मांडला. वाक्याची लांबी, शब्दांचे अनेक अर्थ आणि रचनेची गुंतागुंत या तीन गोष्टी त्यांनीं हिशेबांत धरल्या. भाषांतराचें मोल केवळ शब्द मोजून ठरविणाऱ्यांनीं हें काम पाहावें.

येथपर्यंत झालें तें छापील अक्षरांचें व चित्रांचें. पण नजर ऐकण्याचाहि माग देते. इंग्लंडांतील यॉर्क येथें आल्टमन व कामिडे यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ऐकणाऱ्यापुढें एक मुलगा, एक केक आणि कांहीं खेळणीं यांचें चित्र असे. ‘मुलगा खाईल’ अशा अर्थाचें इंग्रजी क्रियापद कानीं पडलें कीं, ‘केक’ हा शब्द उच्चारला जाण्यापूर्वींच नजर केककडे वळे. आपल्या भाषांत क्रियापद शेवटीं येत असल्यामुळें तें असा इशारा देऊं शकत नाहीं. तेथें विशेषणाचें लिंग कामीं येतें. समोर खुर्ची, दिवा, आरसा आणि पुस्तक आहे आणि कोणी ‘मोठी’ एवढेंच म्हणालें, तर पुढचा शब्द खुर्ची हें मराठी कानाला सांगावें लागत नाहीं.

रमेशकुमार मिश्र, फाल्क ह्यूटिग व त्यांचे सहकारी यांनीं याच लिंगभेदाचा उपयोग हिंदी वाक्यांत करून, २०१२ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग अलाहाबाद येथें केला. ऐकणाऱ्यांचे दोन गट होते. एक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा, दुसरा जेमतेम शाळा पाहिलेल्या, वाचन फारसें न येणाऱ्या प्रौढांचा. दोघांचीहि बोलभाषा हिंदीच. विशेषण ऐकतांच विद्यार्थ्यांची नजर, नाम उच्चारलें जाण्याच्या बऱ्याच आधीं, योग्य चित्रावर गेली. दुसऱ्या गटाची नजर त्या चित्राकडे वळली ती नाम कानावर पडल्यावर.

श्रोत्यांनीं याचा अर्थ नीट लावावा. दुसऱ्या गटांतल्या माणसांना भाषा येत नव्हती असें नाहीं. लिंगाची चूक त्यांच्या तोंडून सहसा होत नाहीं, आणि बाजारहाट, भांडण, थट्टा हीं सारीं ते याच भाषेंत करतात. शिक्षणाबरोबर दुसऱ्याहि अनेक गोष्टी माणसाच्या वांट्याला येतात किंवा येत नाहींत, त्या सगळ्यांचा वाटा वेगळा काढणें सोपें नाहीं. तरी संशोधकांचें मत असें, कीं वर्षानुवर्षें वाचल्यानें पुढचा शब्द हेरण्याची जी संवय लागते ती पुस्तकापुरती राहात नाहीं, कानांतहि उतरते. २०१४ सालीं जर्मनींतील आठ वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत ज्यांना शब्द चांगले वाचतां येत होते, तीं मुलें बोललेल्या वाक्याचा पुढचा भागहि अधिक लवकर हेरीत असल्याचें दिसून आलें.

म्हणजे कोर्टांत, दवाखान्यांत किंवा बँकेच्या खिडकीशीं भरभर बोलणाऱ्यापुढें जो निरक्षर मनुष्य उभा असतो, तो बोलणाऱ्याच्या मागोमाग चालत असतो, आणि शिकलेला मनुष्य त्याच्या एक पाऊल पुढें. दोघांनाहि तेच शब्द ऐकूं येतात. खिडकीमागचा मनुष्य मात्र एकाला चलाख ठरवितो आणि दुसऱ्यावर खेंकसतो.