गुरुजींचे मत आणि शाळेचा कारभार

सूर्या नदीच्या काठी वसलेल्या मासवणच्या परिसरात माध्यमिक वर्गांना शिकविणाऱ्या शिक्षकाने मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे अध्यापन केले असेल, तर पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या कोकण विभाग शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेचा आमदार निवडण्याचा हक्क त्याला लाभतो. प्राथमिक शाळेत मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या गुरुजींना मात्र राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने तो दिलेला नाही. मतपत्रिकेवर पसंतीचा १ हा अंक मतदान केंद्रावर पुरविलेल्या जांभळ्या शाईच्या लेखणीनेच लिहावयाचा, एवढा हा कारभार काटेकोर! सभागृहातील ७८ पैकी ७ जागा शिक्षकांच्या. म्हणूनच पक्षांना शिक्षक संघटनांची मनधरणी करावी लागते.

प्राथमिक शिक्षकांचे बळ निराळे. बदल्या, वेतन, निवृत्तिवेतन यांसाठी ते जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत अर्जविनंत्या, मोर्चे आणि प्रसंगी संप यांचा अवलंब करतात. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सरकारी सेवेत रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना मिळावी, म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यव्यापी संप झाला, त्यात शिक्षकही होते. ही मागणी मला गैरवाजवी वाटत नाही. तथापि दुर्गम पाड्यावरील रिक्त पदासाठी तितकाच आवाज उठताना क्वचितच ऐकू येतो. अशैक्षणिक कामांविरुद्धची संघटनांची तक्रार मात्र मुलांच्याही हिताची आहे.

पालकांची अशी संघटना नाही. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिच्या पुढील सभेस आपण अवश्य हजर राहावे.