पिशवी फोडून पाहा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसात खर्च निघत नाही, ज्वारीला भाव नाही, म्हणून खजूर लावून बघू असे अनेकांच्या मनात आहे. आम्हीही 2019 साली एका एकरात 60 रोपे लावली. विकणारा म्हणाला, टिश्यूकल्चरची आहेत, सगळी मादी. भावही त्याच हिशेबाने घेतला. फुले आली तेव्हा निम्म्याच्या वर नर निघाले. खजुरात नर झाड वेगळे, मादी वेगळे. नराला फळ नाही. परागासाठी चाळीस-पन्नास माद्यांमागे एखाद-दुसरा नर पुरतो. बाकीचे नुसते पाणी पीत उभे राहिले.

बोगस सरकीवर आपण मोर्चे काढतो, पण रोप घेताना हिरवे पान पाहून भुलतो. आम्हीही भुललो.

खजुराचे पहिले पान पिसासारखे नसते. एकच, अरुंद, कडक. लांबून ज्वारीचा कोंब वाटावा. शिंदीचे तसेच, ताडाचेही तसेच. पुढे ताडाचे पान पंख्यासारखे पसरते, शिंदी-खजुराचे पिसासारखे फाटते. मग पाती देठाला चिकटते तिथे पाहा. शिंदी-खजुराची पाती वर उघडी असते, पन्हळीसारखी. नारळ-सुपारीची खाली दुमडलेली, घराच्या छपरासारखी. खजुराच्या देठाच्या बुडाशी काटे येतात, नारळाला काटा नाही.

एवढ्याने नारळ वेगळा काढता येईल. पण नाल्याकाठची शिंदी आणि खजूर कोवळ्या वयात नुसत्या नजरेने वेगळे सांगता येत नाहीत. कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून जपून राहा. मोठेपणी खजूर बुंध्याशी फुटवे देतो, शिंदी सहसा एकखोडी राहते. पण तोवर पैसे गेलेले असतात.

म्हणून पिशवी फोडा. खजुराचे बी रुजते तेव्हा त्यातून एक नळी खाली जाते आणि कोंब बियापासून थोडा दूर वर येतो. बी बाजूला मातीतच राहते. लांबट, एका अंगाला उभी खाच असलेले बी मुळाशी जोडलेले सापडले, की समजा रोप बियाचे. ते नर की मादी, फुलापर्यंत डोळ्यांना कळत नाही, आणि फळ आईसारखे येईल याचीही खात्री नाही. कच्छातल्या जुन्या बागा बियांच्याच, तिथे झाडागणिक फळ वेगळे.

बी सापडले नाही म्हणजे टिश्यूकल्चर सिद्ध झाले असे नव्हे. ते कुजलेलेही असेल. जात, प्रयोगशाळा आणि लॉट नंबर लिहिलेली पक्की पावती मागा. कच्ची चिठ्ठी घेऊन आम्ही तक्रार करायला गेलो, कोणी हातात धरली नाही.

आणखी एक. खजुराला ऊन सोसते, पण पिकत्या फळाला पाऊस सोसत नाही, आणि भरघोस फळाला पाणी लागतेच. विहिरीचा अंदाज आधी घ्या.

ज्यांनी यंदा रोपे आणली आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला एकेक पिशवी आणावी. इथेच, सगळ्यांसमोर फोडू.