यकृताच्या दोन वाटा



परळात टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले आणि १९६३ साली परळातच अणुशक्ती खात्याचे किरणोत्सर्गी वैद्यकाचे केंद्र सुरू झाले. कर्करोगाचे वैद्य आणि अणूचे शास्त्रज्ञ यांचा शेजार या शहरात जुना आहे. त्या शेजारधर्माचे एक फळ आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे पाऊण हिस्सा आतड्यांकडून प्रवेशिका नीलेने येतो, उरलेला पाव हिस्सा यकृत-रोहिणीने. निरोगी यकृत मुख्यतः पहिल्या वाटेवर जगते. कर्करोगाची गाठ मात्र बहुतेक पोषण रोहिणीतून ओढते. शत्रूचा पाणवठा असा वेगळा सापडला, आणि उपचाराची सारी युक्ती तेथेच आहे.

मांडीच्या सांध्यातील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी महारोहिणीत व तेथून यकृताच्या शाखेत नेतात. तिच्यातून इट्रियम-९० असलेले काचेचे असंख्य गोलक सोडतात. एकेक गोलक केसाच्या जाडीच्या निम्म्याहून लहान. ते गाठीच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. किरणांचा पल्ला सरासरी अडीच मिलिमीटर. जोर दर ६४ तासांनी निम्मा होतो. असे गोलक तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच घडविले आहेत.

अडचण आहे ती वाटांची. खेतवाडीच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत. यकृताच्या रोहिण्यांचा नकाशा माणसागणिक बदलतो. मायकेल्स यांनी १९५५ साली दोनशे शवविच्छेदनांचा हिशेब मांडला, तेव्हा पाठ्यपुस्तकातील रचना निम्म्याहून थोड्याच अधिक देहांत आढळली. शेजारीच जठराकडे फाटे जातात. गोलक तिकडे वळले तर चिवट व्रण होतात. गाठीतून फुप्फुसाकडे चोरवाट असली तर फुप्फुसांना इजा होते.

म्हणून आधी रंगीत तालीम होते. रोहिण्यांची चित्रे घेतात, निरुपद्रवी कण सोडून ते कोठे जातात हे पाहतात, लागल्यास एखादा फाटा बंद करतात. खरे औषध नंतर. नातेवाईक कुरकुरतात, ‘‘नळी घातली, नि औषध न देताच घरी पाठविले!’’ त्यांना आमचे सांगणे एवढेच, की त्या दिवशी रोग्याचे जठर आणि फुप्फुस राखले गेले. चोरवाट फार मोठी निघाली, किंवा यकृताचे बळच सरले असले, तर वैद्य ‘नाही’ म्हणतात. तो नकार म्हणजे हयगय नव्हे.

आणि हा उपाय रोग दरवेळी समूळ घालवीत नाही, पुष्कळदा रोखून धरतो. ‘ब’ काविळीची लस आणि दारूपासून दूर राहणे, या गोष्टींना मात्र नळीही लागत नाही आणि अणूही लागत नाही. त्या आजच आपल्या हाती आहेत.