उपवास आणि स्थूल बालक



आषाढी एकादशीस किंवा महाशिवरात्रीस पाटण तालुक्यातील पुष्कळ घरांत थोरांबरोबर मुलेही उपवास धरतात. तो श्रद्धेचा विषय आहे. परंतु एखादे बालक अंगाने स्थूल असले की, ‘त्याला एक-दोन दिवस उपाशी ठेवा, चरबी आपोआप झडेल,’ असा सल्ला दिला जातो. तो शास्त्राच्या कसोटीस उतरतो काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

अन्न थांबले म्हणजे शरीर प्रथम यकृतातील साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजन, वापरते. प्रौढास हा साठा सुमारे एक दिवस पुरतो. मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा व साखरेचा फार भुकेला. त्यामुळे मुलाचा साठा लवकर सरतो. मग रक्तातील इन्सुलिन उतरते, चरबी वितळू लागते आणि यकृत तिच्यापासून कीटोन तयार करून मेंदूस पुरविते. स्थूल बालकाच्या रक्तात इन्सुलिन बहुधा मुळातच अधिक असते. ते चरबीस धरून ठेवते. म्हणून त्याचे कीटोन सावकाश वाढतात. मधल्या काळात साखरेची उणीव भरून काढण्यासाठी स्नायूंतील प्रथिने काही अंशी खर्ची पडतात. एका दिवसात वजन घटलेले दिसते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. जेवण होताच ते परत येते.

स्नायूंचा हा प्रश्न इकडे अधिक महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली सहा खेड्यांत अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने हलकी होती. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून होती. ज्यांची स्नायूंची शिदोरी जन्मतःच तोकडी, त्यांनी ती उपाशी राहून खर्चावी, हे हिताचे नव्हे.

शिवाय उपवासाचा फराळही विचारात घ्यावा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तुपातील खिचडी व तळलेले बटाटे यांतून वाचविलेले उष्मांक संध्याकाळपर्यंत भरून निघतात.

ऑस्ट्रेलियात 13 ते 17 वर्षे वयाच्या 141 स्थूल मुलांवर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रयोग झाला. काहींना आठवड्यातून तीन दिवस अत्यल्प आहार दिला, तर काहींना रोज बेताचा. 2024 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, वर्षअखेर दोन्ही गटांना सारखाच लाभ झाला. म्हणजे उपाशी राहण्यात विशेष जादू नाही.

म्हणून शिक्षकाने स्थूल बालकास उपवासाचा सल्ला देऊ नये. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ठरलेला 450 उष्मांकांचा व 12 ग्रॅम प्रथिनांचा शालेय पोषण आहार त्यालाही मिळावा. त्याला मैदानावर खेळवावे, उंची-वजनाची नोंद ठेवावी, पालकांस प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. उपवास धरलेले मूल प्रार्थनेच्या वेळी घामाघूम झाले वा घेरी येऊ लागली, तर त्याला सावलीत बसवून, शुद्धीवर असल्यास गूळपाणी द्यावे. आणि ‘जाड्या’ ही हाक वर्गात कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नये. कारण त्या हाकेला भिऊनच पुष्कळ मुले डबा न उघडता घरी नेतात.