मीठ : कुणाचे पथ्य, कुणाचे औषध
(वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘रक्तदाब आहे, मीठ कमी करा’ हा सल्ला आता घरोघरी पोहोचला आहे आणि तो योग्यच आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड आणि चटणी असलेल्या आपल्या ताटात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. काहींचे शरीर मिठाला अधिक संवेदनशील असते व मीठ वाढताच त्यांचा रक्तदाब चढतो. अशांना आम्ही अळणी जेवणाची सवय लावण्यास सांगतो. आज मात्र आम्ही अशा रुग्णांविषयी बोलणार आहोत, की ज्यांना हाच सल्ला अपाय करतो.

आपण उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट व पायांकडे उतरते. निरोगी शरीरात स्वायत्त मज्जासंस्था तत्काळ रक्तवाहिन्या आवळून ते सावरते. ही व्यवस्था दोन प्रकारे ढासळू शकते. पहिल्या प्रकारात उभे राहिल्यापासून ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरतो. दुसऱ्या प्रकारात रक्तदाब असा उतरत नाही, परंतु १० मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढते. १२ ते १९ या वयात ही वाढ ४० ठोक्यांची धरतात. ही लक्षणे निदान तीन महिने टिकली आणि दुसरे कारण आढळले नाही, तर त्या विकारास पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, थोडक्यात ‘पॉट्स’, म्हणतात. हे नाव १९९३ साली रूढ झाले. हा विकार मुख्यतः तरुण स्त्रियांत आढळतो. कोविडच्या साथीनंतर जगभर असे रुग्ण अधिक दिसू लागले.

अशी मुलगी सकाळच्या परिपाठाला उभी राहिली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, हातपाय गळून जातात. पडून राहिली की बरे वाटते. दवाखान्यात तिला बसवून रक्तदाब मोजला जातो व तो ठीक भरतो. हृदयाचा आलेखही बहुधा निर्दोष येतो. मग ‘मनाचे खेळ आहेत’, ‘कामाचा कंटाळा आहे’ असे शेरे तिच्या वाट्याला येतात. शिक्षण सुटते, नोकरी जाते, सासरी बोल ऐकावे लागतात. विकार जिवावर बेतणारा नसला, तरी तो आयुष्याची उमेदीची वर्षे हिरावून घेतो.

हे निदान करण्यास बहुतेक वेळा महागडे यंत्र लागत नाही. रुग्णास काही मिनिटे शांत पडू द्यावे, नाडी व रक्तदाब मोजावा, नंतर उभे करून १० मिनिटांपर्यंत तीच नोंद पुन्हा पुन्हा घ्यावी. शेजारी एक परिचारिका मात्र हवी, कारण रुग्णास भोवळ येऊ शकते. सोबत हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी अत्यावश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये पंडुरोग आढळला होता. अशा स्त्रीस मिठाची नव्हे, प्रथम लोहाची गरज असते. उतारवयातील गृहस्थास उठताना चक्कर येत असेल, तर पुष्कळदा रक्तदाबाच्या वा प्रोस्टेटच्या गोळ्या त्यास कारण असतात. तेथे मीठ वाढविण्याऐवजी डॉक्टरांकडून गोळ्यांची मात्रा तपासून घ्यावी.

पॉट्सच्या अनेक रुग्णांत रक्तातील द्रवभाग कमी असतो. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, म्हणून येथे ते औषध ठरते. २०१५ साली हृदयतालाच्या तज्ज्ञांनी दिलेल्या शिफारशींत दिवसाला १० ते १२ ग्रॅम मीठ व २ ते ३ लिटर पाणी असे प्रमाण आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, भरपूर मिठाच्या आहाराने रुग्ण स्त्रियांच्या रक्तातील द्रवभाग वाढला व उभे राहिल्यावर होणारी धडधड कमी झाली. ती पूर्णपणे मात्र गेली नाही. मीठ हा आधार आहे, संपूर्ण उपचार नव्हे. शिवाय उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार वा हृदयाची दुर्बलता असणाऱ्यास हे प्रमाण धोक्याचे आहे. गरोदरपणीही ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये. तपासणीपूर्वी कुणीही आपल्या मनाने मीठ वाढवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

आता घरचा प्रश्न येतो. एकाच चुलीवर सासऱ्यांचे पथ्य व सुनेचे औषध कसे सांभाळावे? आम्ही सांगतो, की स्वयंपाक सर्वांसाठी बेताच्या मिठाचा करावा व रुग्णाची मिठाची डबी वेगळी ठेवावी. डॉक्टरांनी ठरविलेले मीठ सकाळीच मोजून त्या डबीत काढावे आणि दिवसभर ताकात, लिंबूपाण्यात, भाकरीसोबत थोडे थोडे घ्यावे. जलसंजीवनीचे पाकीटही उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे तयार केलेल्या एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ असते, हे हिशेबात धरावे. मधुमेही रुग्णाने त्यातील साखरेचाही विचार करावा. पाण्यावाचून मीठ घेऊ नये.

मराठवाड्याचा उन्हाळा या रुग्णांची कठीण परीक्षा पाहतो. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे मीठ व पाणी जाते. जायकवाडीचे धरण जवळ असूनही या शहराने वर्षानुवर्षे नळाचे पाणी काही दिवसांआड घेतले. पाणी पुरवून पिण्याची सवय येथील गृहिणींच्या अंगी मुरली आहे. रुग्णाने तरी ती सोडावी. निर्जळी उपवास, कडक पाण्याचे स्नान, एका वेळी पोटभर भात आणि रांगेत ताटकळणे टाळावे. उभे राहणे भागच असेल, तर पायांची अढी घालून मांड्या आवळाव्यात. पोटऱ्या-मांड्यांवर दाब देणारे मोजे वापरावेत. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू चार-सहा इंच उंच करावी. व्यायाम प्रथम पडून व बसून करावा आणि हळूहळू वाढवावा. त्याचे फळ दिसण्यास काही महिने लागतात. काहींना प्रोप्रॅनोलॉल, इव्हाब्रॅडिन वा मिडोड्रिन यांसारखी औषधे द्यावी लागतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

देणगीदारांस आम्ही एवढेच निवेदन करू इच्छितो. रुग्णालयास नवी यंत्रे लागतात व आपण ती उदारहस्ते दिलीत. तथापि या रुग्णांस हवी आहे एक खाट, रक्तदाबमापक आणि परिचारिकेची शांतपणे दिलेली पंधरा मिनिटे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा वेळच सर्वांत दुर्मिळ असतो. आपल्या साहाय्याने आणखी एका परिचारिकेचे वेतन निघाले, तर ज्यांना आजवर कुणी उभे करून तपासले नाही, अशांची तपासणी होऊ शकेल.

आणि आप्तजन हो, आपल्या घरातील लेक वा सून ‘उभे राहवत नाही’ म्हणाली, तर तिला आधी बसावयास जागा व प्यावयास पाणी द्या, मग तपासणीस घेऊन या. तिच्या शब्दावर विश्वास ठेवणे ही उपचाराची पहिली पायरी आहे आणि ती केवळ आपणच चढू शकता.