पाठीमागून पाहायचं घड्याळ



बाहेर वैशाख तापलाय आणि विषय आहे शेकोटीवर मांडायच्या घड्याळाचा! पण १९४८ पर्यंत आपला परभणी जिल्हा ज्या संस्थानात होता, त्याच्या राजधानीत तरी शेकोटीची गरज कुणाला होती? तरी फ्रेंच घड्याळं हैदराबादला आलीच. ती जमवणारे तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान १९४९ साली वारले. १६ डिसेंबर १९५१ रोजी त्यांच्या दिवाण देवडीत नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडलं. आपली माणसं त्या संग्रहालयात जातात ती कुक अँड केल्व्हीच्या घड्याळासाठी. तास भरला की आतून बाहुला येतो, टोले देतो, परत जातो. लेकरांना ते दाखवाच. पण फ्रेंच घड्याळांपुढंही जरा थांबा.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सधन घरात शेकोटीवर संगमरवरी फळी असे आणि मागं मोठा आरसा. मधोमध घड्याळ, दोन्ही बाजूंना त्याच दगडाची, त्याच घडणीची शमादानं. आरशामुळं मेणबत्त्या दुप्पट दिसत. वेळेपेक्षा ऐपत सांगणारी मांडणी ही! त्यातला काळा 'संगमरवर' बऱ्याचदा बेल्जियमचा बारीक पोताचा चुनखडक असे. जुन्या पद्धतीच्या मुलाम्यात सोनं पाऱ्यात कालवून ब्राँझवर लावत आणि पारा आगीवर उडवून देत. सोनं शेठजीच्या दिवाणखान्यात जाई, वाफ कारागिराच्या छातीत.

म्हणून मी म्हणतो, असं घड्याळ समोरून पाहू नये. संग्रहालयात ते जमणार नाही; पण जुन्या बाजारात कधी हाती लागलंच तर मागचं गोल झाकण उघडा. तबकडीवर बहुधा विकणाऱ्या दुकानदाराचं नाव असतं. यंत्र करणाऱ्याचा शिक्का मागच्या पितळी पाटीवर सापडतो: जापी बंधू, नाहीतर सॅम्युएल मार्ती. बनवणारा पाठीला आणि विकणारा तोंडावर, हे कापूस पिकवणाऱ्यांना मी काय समजावून सांगू!

अनेक यंत्रांत मागच्या बाजूला खाचांचं एक चक्र दिसतं. ठोके किती द्यायचे ते हे चक्र ठरवतं. काटे फक्त 'आता दे' एवढंच सांगतात. त्यामुळं घाईनं काटे पुढं ढकलले की चार वाजता सात ठोके पडतात आणि मालक म्हणतो, घड्याळ बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. दर अर्ध्या तासाला थांबून ठोके पुरे होऊ द्यायचे असतात. अर्ध्या तासाला एकच ठोका, म्हणजे दिवसरात्रीत १८० ठोके. रात्री साडेबारा, एक आणि दीड, तिन्ही वेळा एकच! अंथरुणातून वेळ कळावी म्हणून हे घड्याळ घेऊ नका.

आता आपल्या उन्हाळ्याचं. पोलादी दांडीचा लंबक २० अंशांच्या वाढीनं इतका लांबतो, की घड्याळ दिवसाला सुमारे दहा सेकंद मागं पडतं. त्यावर आशिल ब्रोको या पॅरिसच्या घड्याळजीची युक्ती आहे: तबकडीवर बाराच्या वर बारीक भोक, त्यात छोटी चावी फिरवली की लंबक किंचित आखूड होतो. तेवढ्यासाठी दगडाचं हे धूड हलवावं लागत नाही. हलवायचंच झालं, तर आधी लंबक काढून ठेवा. न काढता उचललं, तर लंबक ज्या पातळ पट्टीवर टांगलेला असतो तीच आधी मोडते.